डाव्या पायाची सँडल

माझं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. बायको ब्लूज शिकवायची. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, पण पाय आपटत म्हणायचं, असं ती सांगायची. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिची तीन पोरं शिकत: गिटारवाली, ड्रमवाला आणि माउथ ऑर्गनवाला. ती डाव्या पायाने चार ठोके द्यायची की पोरं सुरू. त्यामुळे तिच्या डाव्या सँडलचा तळ महिन्याभरात झिजायचा. उजवी मात्र नवीकोरी.

दर महिन्याला मी विचारायचो, "रबर लावू का? टिकेल."

"चामडंच लावा. टिकायला कुणी सांगितलंय?"

ती गेली. वाचनालयाच्या सचिवांना त्या खोलीत कॅरम क्लब हवा होता. मेहुणी त्यांच्याशी कडाकडा भांडली. शेवटी ठरलं: त्याच खोलीत तिच्या स्मरणार्थ पोरांच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम करायचा. पोरांनी तासभर वाजवलं तर खोली त्यांची, नाहीतर कॅरमची.

पण पोरांना सुरूच करता येईना. "तू कर", "तू कर" यात आठवडा गेला.

"बाईंच्या पायाशिवाय कधी सुरू केलंच नाही हो, काका," ड्रमवाला म्हणाला.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताईची सँडल नीट करून आणा. मी आपटते."

मी दिवसभर दुकान बंद ठेवून सँडल नीट केली.

कार्यक्रमाला खोली भरली. सचिव पहिल्या रांगेत, हातात कॅरमच्या पावडरीचा डबा. मेहुणीचा पाय सँडलमध्ये जाईना, म्हणून तिने ती हातात घातली आणि लाकडी स्टेजवर आपटली.

फस्.

पुन्हा आपटली. फस्. पोरं सुरू होईनात.

"भाऊजी, काय लावलंत हे?"

"रबर," मी म्हणालो. "टिकावी म्हणून."

सचिवांनी डब्याचं झाकण उघडलं.

हातोडी आणि खिळे माझ्या खिशात असतातच. मी स्टेजवर चढलो, रबर ओढून काढलं, सँडल फळीवर ठेवली आणि त्याबरोबर सुटलेलं जुनं चामडं ठोकू लागलो. चौथ्या ठोक्याला पोरं सुरू झाली! खिळा बसला, मी थांबलो. पोरंही थांबली.

"काका, थांबू नका!" गिटारवाली ओरडली.

"अगं, झालं काम."

"मग दुसरं काढा!"

मी दुसरा खिळा घेतला. मग तिसरा. मला ताल कळत नाही. बायको म्हणायची, तुम्ही टाळ्यासुद्धा उशिरा वाजवता. पण पोरं माझ्यामागे फरफटत वाजवत राहिली. एक खिळा वाकला, तो सरळ करेपर्यंत गाणं इतकं रेंगाळलं की सचिवांनी रुमाल काढला. खिळे खाली फळीत जाताहेत हे माझ्या हाताला कळत होतं. थांबायची सोय नव्हती.

तास भरला. मेहुणी सँडल उचलायला वाकली. सँडल हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढली, सचिवांनी तिच्या कमरेला धरून तिला ओढलं.

"सोडा हो, मेलं!" मेहुणी त्यांच्यावर खेकसली. "भाऊजी, आता?"

"राहू दे. उपटली तर फाटेल."

आता पोरं त्या सँडलभोवती बसूनच शिकतात. खोली त्यांची आहे. ड्रमवाला हल्ली स्वतः चार ठोके देतो, जरा उशिरा.

उजवी घरी दाराशी आहे, नवीकोरी. मी रोज पुसतो. तिला काही दुरुस्ती नाही.