साय फादरांची, पाणी पोरांचं

मी दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र बोलतोय. गोड बोलेन अशी आशा धरू नका.

कॅनडाच्या माळरानात चर्चची एक निवासी शाळा होती. तिथल्या मूळ रहिवासी क्री लोकांची मुलं आईबापांच्या कुशीतून ओढून तिथे कोंडायचे. तिच्या दूधघरात मला आणलं, तेव्हा माझा केवढा थाट! एका तोटीतून साय, दुसरीतून उरलेलं निळसर, पाणचट दूध. साय फादरांच्या टेबलावर जायची. शेण उचलणाऱ्या, धारा काढणाऱ्या पोरांच्या वाट्याला ते पाणी. वर त्यासाठी देवाचे आभारही मानायला लावायचे!

माझा दांडा निपी फिरवायची. अकरा वर्षांची पोर. तिचा धाकटा भाऊ सिकोस मुलग्यांच्या बाजूला राहायचा. भावाबहिणींनी एकमेकांशी बोललं तरी पट्टा बसे. त्या हिवाळ्यात तो खोकून खोकून पार काडी झाला होता. एका सकाळी तो दुधाची बादली घेऊन दूधघराच्या खिडकीशी आला, तेव्हा निपीनं डबाभर साय गुपचूप त्याच्या हातात दिली.

"तूच खा. कुणाला देऊ नकोस, कळलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "खाल्लीस?"

"सगळ्यांनी खाल्ली, ताई. बारा जणांनी!"

"आणि तू रे, शहाण्या?"

"आणणाऱ्यानं शेवटी खायचं असतं ना? बाबा शिकार आणतात तेव्हा नाही का मागून खात? माझ्यापर्यंत संपली."

रडावं की त्याला धपाटा घालावा, तिला कळेना. "उद्या परत देते," ती म्हणाली.

ते मागे उभ्या असलेल्या सिस्टरनं ऐकलं. निपीच्या हातांवर वळ उठले, खिडकीला खिळे ठोकले गेले. बर्फ वितळायच्या आत सिकोस गेला. घरी कुणी कळवलंसुद्धा नाही. उन्हाळ्यात दोन मुलं न्यायला आलेल्या आईच्या हाती एकच दिलं. यांना देवाची माणसं म्हणायचं?

आता मी संग्रहालयात आहे. माझ्या पाटीवर लिहिलंय, 'मुलांना येथे सकस दूध मिळत असे.' परवा म्हातारी निपी नातीला घेऊन आली. पाटी वाचून तिनं तिथल्या माणसाला विचारलं, "माझा भाऊ कुठे पुरलाय, ते का नाही लिहिलं?"

"आजी, त्याची कुठे नोंदच नाही हो," तो चाचरला.

ती पाटी तरी उखडून फेका. मला दर आठवड्याला पुसता, सांध्यांत तेल घालता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून भोवती दोरी बांधता. अहो, लोखंडाला एवढं जपता, मग त्या पोराला जपायला तुम्हाला काय झालं होतं?