रणगाड्याखालची लिंबं

"बाबा, तुम्ही पूजा केलेली गाडी बंद कशी काय पडते?"

टाकलं विचारून. आकांक्षानं मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर पैज लावली होती. "लय बोलतं नं तू आजकाल? दम असन तं हे इचार तुया बाबाले." जिंकले तर एक प्लेट गिला वडा. आठवीपर्यंत हजेरीला 'यस सर' म्हणतानाही माझा आवाज बसायचा. आता दहावीत मी वर्गाची मॉनिटर आहे आणि वक्तृत्वाचा कप आमच्या टीव्हीवर ठेवलेला आहे. असल्या पैजेला मी घाबरते की काय?

दसरा उद्यावर आला होता. बाबा अंगणात रणगाडा पुसत होते. माझा प्रश्न ऐकून फडकं टपावर तसंच थांबलं.

"मलाही तेच समजून नाही राहिलं," ते म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. शाळेत सांगायला काहीतरी मिळालं असतं. पण हे उत्तर त्यांनी मी गणिताच्या सरांना देते तसं दिलं, खाली बघून. मग फडकं पिळलं आणि पुन्हा तीच जागा पुसायला लागले.

रणगाडा म्हणजे आमची गाडी. हे नाव गल्लीनं ठेवलं. विलायती कंपनीची, गडद हिरवी, दार उघडलं की आत चढायला पायरी असलेली. साईनगरात आमच्या घरापेक्षा गाडीच आधी दिसते. माझे बाबा बिल्डर नाहीत की डॉक्टर नाहीत. ते भिक्षुकी करतात. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, मुंज सगळंच, पण त्यांचं खरं नाव वाहनपूजेसाठी. अमरावतीतल्या एका मोठ्या शोरूमला दसरा-पाडव्याला बाबाच लागायचे. मी लहान असल्यापासून आरतीचं ताट धरून त्यांच्या मागे उभी असायचे. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ, चारी चाकांखाली चार लिंबं. शेवटी बाबा मालकाला म्हणायचे, "घ्या हळूच पुढं." गाडी पुढं सरकली की लिंबं फटाफट फुटायची आणि मला कोणीतरी पेढा द्यायचं. मग गाडीवाले गाडीतून जायचे आणि आम्ही स्कूटरवरून.

स्कूटरचं पावसाळ्यात काही खरं नसायचं. बाबांचे यजमान नांदगाव खंडेश्वराकडचे बरेच, आणि तिथली काळी माती चाकात अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं. एकदा बाबा एका लग्नाला पोचले तेव्हा धोतर कमरेपर्यंत चिखलाचं होतं. वऱ्हाडातल्या पोरांनी फोटो काढले. त्या रात्री आईनं जाहीर केलं की आता चारचाकी घ्यायचीच.

आईची गाडी ठरलेली होती. पांढरी, छोटी, आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरापुढं असते ती. शोरूमच्या रागिणी मॅडम म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही घरचे, तुम्हाला आम्ही चांगल्यात देऊ. ही गाडी बडनेऱ्याच्या नाक्यावरचा पोरगाही दुरुस्त करतो, असं आईचं म्हणणं. आई शाळेत शिकवते. ती कोणतीही गोष्ट एकदाच सांगते.

पण त्याच आठवड्यात आम्ही मामाकडे अकोल्याला गेलो आणि बायपासवर जुन्या गाड्यांच्या बाजारात बाबांची नजर ह्या हिरव्या धुडावर पडली. नुसतं बघतो म्हणाले. आत बसले. स्टेअरिंगच्या खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"चारू," त्यांनी आईला हाक मारली. "हा माझा नाडा आहे."

खालच्या दांडीला लाल नाडा होता, रंग उडालेला, आत सुपारी बांधलेली. सुपारीला उलटा वेढा देऊन गाठ मारायची बाबांची एक पद्धत आहे, आजोबांनी शिकवलेली. दुसरं कोणी तशी बांधत नाही. मग त्यांना आठवलं. अमरावतीतल्या एका कॉन्ट्रॅक्टरनं ही नवीकोरी घेतली तेव्हा पूजा त्यांनीच केली होती. इतकी वर्षं, इतके मालक, आणि नाडा तसाच.

आई म्हणाली, "अहो, नाडा टिकला. इंजिनाचं काय?"

"माझ्या हातानं पूजा झालेली गाडी फिरून माझ्याचकडे आली, याला काही अर्थ आहे की नाही?"

आईनं एकदाच सांगितलं होतं. ती दुसऱ्यांदा बोलली नाही. पांढरी गाडी राहिली आणि बाबा हिरवी घेऊन मूर्तिजापूर, बडनेरा करत घरी आले. मी पुढच्या सीटवर होते. ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघता येत होतं. खरं सांगते, मला पांढरी आठवलीसुद्धा नाही.

पहिलं वर्ष आम्ही राजे होतो. नत्थुजी पाटलांच्या शेतात पूजा होती. नाल्यात त्यांचा ट्रॅक्टर फसला होता आणि बाबांच्या रणगाड्यानं तो दोर लावून ओढून काढला. पाटील हसत सगळ्यांना सांगत सुटले, "ट्रॅक्टरले गुरुजीनं काढलं भाऊ, मंत्रानं नाही, गाडीनं." त्या वर्षी बाबा कॉलर असती तर ताठ करून चालले असते. मानही बदलली त्यांची. आधी ते गाड्यांसमोर जरा वाकून उभे राहायचे.

मग गेल्या वर्षीचा पाडवा आला.

शोरूमच्या आवारात नव्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. बाबांनी रणगाडा फाटकातच लावला, दोनच मिनिटं, सामान उतरवायला. पूजा सुरू झाली. मी ताट धरून उभी. तेवढ्यात फाटकाकडून मोठ्यानं सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला. वळून बघितलं तर रणगाडा हळूहळू खाली बसत होता. एका अंगानं, म्हैस बसते तसा. त्या गाडीचे पाय हवेच्या पिशव्यांवर असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पिशवी गेली, त्यापाठोपाठ सगळे दिवे गेले आणि चाकं जाम झाली. ढकलायला दहाबारा जण लागले, ती हलली नाही. फाटक बंद. आत हार घातलेल्या सगळ्या नव्या गाड्या अडकलेल्या, बाहेर लोकांच्या घरी ओवाळायला थांबलेल्या बायका, आणि मुहूर्त चाललेला.

कोणीतरी चिडून विचारलं, कोणाची आहे ही?

"गुरुजींची," रागिणी मॅडम हळूच म्हणाल्या.

"आणि तिची पूजा कोणी केली होती?"

एक माणूस हसला, मग बरेच हसले. बाबा हातात नारळ धरून उभे होते, तो फोडायचा राहिला होता. दुपारी ट्रॅक्टर आला आणि रणगाड्याला फरपटत घरी घेऊन आला. रस्त्यावर चाकांच्या काळ्या रेघा कितीतरी दिवस होत्या.

बडनेऱ्याचा सहदेव मेकॅनिक आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पान्हा पिशवीतून काढलाच नाही. "गुरुजी, हिले पान्हा नाही लागत, कॉम्प्युटर लागते. थो पुण्यात असन. अन् पार्ट आला तरी याची ग्यारंटी नाही का उद्या दुसरं काही बसणार नाही." मग दोन पार्ट आलेही. दुसरंच काही बसलं. शेवटी सहदेव चहा पिऊन उठता उठता म्हणाला, "भंगारात द्या. मी माणूस पाठवतो."

बाबा म्हणाले, "जिच्यावर हात ठेवून मंत्र म्हटले ती भंगारात कशी देऊ?"

ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मोडलेल्या मूर्तीचं विसर्जन असतं, जुन्या जानव्याचंही असतं. गाडीचं कसं करायचं हे त्यांनी पोथ्यांत शोधलं, नाशिकच्या गुरुबंधूंना फोन करून विचारलं. तिकडून आधी हसू ऐकू आलं, मग "नाही बुवा" असं ऐकू आलं. मग रणगाडा अंगणातच राहिला. लोकांना हे सगळं कळत होतं. लग्नाला बोलवायचे, श्राद्धाला बोलवायचे, पण नवी गाडी घेतली की दुसऱ्या गुरुजींकडे. आकांक्षाच्या काकांनीही तेच केलं. त्यावरूनच तर पैज निघाली.

दसऱ्याच्या आदल्या रात्री, मी प्रश्न विचारल्यानंतर तासाभरानं, रागिणी मॅडमचा फोन आला. यंदा वरच्या साहेबांनी दुसऱ्यांना सांगितलंय, असं त्या म्हणत होत्या आणि बाबा इकडून "हो, हो, काही हरकत नाही" म्हणत होते. त्यांनाच धीर देत होते. तिकडून बंद झाल्यावरही थोडा वेळ फोन बाबांच्या कानाला होता.

तरी सकाळी ते पहाटेच उठले. पितांबर नेसले. पूजेची पिशवी भरून ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. उजाडलं. पलीकडच्या गल्लीतून नव्या गाड्यांचे हॉर्न यायला लागले. आईनं चहा आणून ठेवला, तो थंड झाला. मग ते उठले आणि रणगाड्याच्या पूजेला लागले.

काही म्हणजे काही कमी केलं नाही. स्वस्तिक रेखीव. हार दोन्ही आरशांपर्यंत. गेल्या दसऱ्याची लिंबं चाकांखालीच होती, वाळून सुपारीएवढी झालेली. ती त्यांनी वाकून एकेक काढली आणि त्या जागी नवी ठेवली. आरती झाली, मी ताट फिरवलं. बाबांनी हात जोडले आणि सवयीनं म्हणाले,

"घ्या हळूच पुढं."

ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हतं. नाडा तेवढा होता, खाली कुठेतरी.

आई घरात निघून गेली. मी गाडीच्या मागे गेले, दोन्ही हात लावले आणि पूर्ण ताकदीनं ढकललं. कबड्डीत मी कॅप्टनला पाडते. चप्पल मातीत रुतली, खांदा दुखला. एक लिंबू तरी फुटावं, एवढंच. बाबा बघत होते, थांब म्हणाले नाहीत. मीच थांबले.

भिंतीशी माझी सायकल उभी होती. आईनं तिच्या शाळेतल्या बाईंकडून जुनी घेतलेली, कालच आलेली. उद्यापासून मी तिच्यावरून शाळेत जाणार. बाबांनी पिशवीत हात घातला, दोन लिंबं उरली होती. त्यांचा चेहरा जरासा उजळला. "आण ती इकडं," ते म्हणाले. बोट कुंकवात बुडवून हँडलपर्यंत आणलं. आई झेंडूचा छोटा हार घेऊन दारात आली.

मी सायकल मागे ओढली. वक्तृत्वाला उभी राहते तशी ताठ उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. माझ्या सायकलची पूजा करायची नाही. पंक्चर झाली तर नुसती पंक्चर झाली पाहिजे. त्यात तुमचं नाव यायला नको, बाबा."

बाबांनी बोटावरचं कुंकू पितांबरालाच पुसलं.