मोटरी निवडायच्या राहिल्या होत्या

"जोरात फिरवा, बाबा. हळू फिरवलात तर तो शहाण्यासारखाच वागणार," मुफिदा म्हणाली.

तिच्या सासऱ्यांनी, रुस्तोनोंनी, ड्रिलच्या तोंडात दांडा पकडला होता. अडीच मीटर लांब, अंगभर आटे असलेला, तेल लावून चमकवलेला. टोकांना बेअरिंगचा आधार, मध्ये काही नाही. त्यांनी खटका दाबला. दांडा सरळ फिरला, मग वेग वाढला तसा मधोमध फुगला. मुलींच्या खेळातल्या दोरीसारखा दिसायला लागला आणि अख्खं टेबल थडथडलं.

"पोरी, पोरी, बंद कर!" रुस्तोनो ओरडले. खटका त्यांच्याच हातात होता. दोघं पोट धरून हसली.

रेत्नानिंग शेडच्या दारात उभी होती. रुस्तोनोंची थोरली लेक. सेमारांग शहरात कॉलेजात ग्रंथपाल होती आणि दर रविवारी बसनं जेपाराला बाबांकडे यायची. हातात लुंपियाची, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्यांची पिशवी, अजून गरम. दोघांचं हसणं ओसरेपर्यंत तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

"ताई आली! बघ, तुझी भावजय मला रोज हरवते."

ताई. ती पाच वर्षांची असताना हारनोको झाला. धाकट्याच्या तोंडी बसावं म्हणून घरातले सगळे तिला ताई म्हणायला लागले, बाबासुद्धा. त्यापूर्वी ते तिला पोरी म्हणत. पुढं हारनोको कोरियातल्या कारखान्यात गेला. मागं राहिली त्याची बायको, विजेचं काम शिकलेली. घरात पडून असलेला तो 'पोरी' शब्द तिच्या वाट्याला गेला. तिनं तो हिसकावला नव्हता. भांडावं तर कुणाशी?

"मी नाही हरवत, दांडा हरवतो," मुफिदा म्हणाली. "लांब बाजूला दातेरी पट्टी लावू. छोटं चाक तिच्यावरून चालत जाईल. दांडे आडव्या बाजूला आणि वर-खाली करायला ठेवू."

"पट्टीत चाक ढिलं राहतं. माझ्या कमळाची पाकळी जाड येईल."

"मी चाक स्प्रिंगनं आवळते ना! तुमच्या कमळाला काही होऊ देत नाही."

रुस्तोनोंचा सगळा जन्म सागाच्या दारांवर कमळं कोरण्यात गेला होता. आता नजर साथ देईना. गल्लीत घरोघरी नक्षी कोरणाऱ्या मशीनची घरघर सुरू झाली, तेव्हा म्हणाले, विकत कशाला, आपलं आपण बांधू. आपलं म्हणजे त्यांचं आणि मुफिदाचं.

"आणि रबरी पट्टा लावला तर?" रेत्नानिंगनं विचारलं.

दोघांनी वळून पाहिलं. गेले काही आठवडे ती कादंबऱ्या बाजूला ठेवून हेच वाचत होती. ग्रंथालयात, बसमध्ये, फोनवर. पट्टे, दांडे, मोटरी. कुणाला सांगितलं नव्हतं.

"अगं, पट्टा ताणतो. सागात पातं शिरलं की मागं खेचणार," रुस्तोनो मायेनं म्हणाले. "तू कशाला डोकं शिणवतेस? तुझे हात पुस्तकांचे. पोरी, ताईला स्वच्छ खुर्ची आण बघू. सगळीकडे भुसा, कपडे खराब होतील तिचे."

मुफिदानं खुर्ची पुसून आणली. रेत्नानिंग तीवर बसली, लुंपिया वाढले आणि डोकं दुखतंय म्हणून लवकरची बस धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर रुस्तोनो मशिदीत भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत.

सात संध्याकाळी आळीतली माणसं प्रार्थनेला आली. बायका सांत्वनाला यायच्या, त्या आधी मुफिदाच्या पाठीवरून हात फिरवायच्या. ती ढसाढसा रडत होती. रेत्नानिंग कोरड्या डोळ्यांनी चहा भरत होती. दुःखातही पहिली जागा हिचीच, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

आठव्या दिवशी कोरियाहून हारनोकोचा फोन आला. "ताई, एकजण अर्धवट मशीनचा सांगाडा विकत घ्यायला तयार आहे. मुफिदा म्हणते नको. पण घरात मोठी तू. तू म्हणशील तसं."

मुफिदा समोरच उभी होती. ओढणीचं टोक पिळत राहिली.

विकून टाक. एवढंच म्हणायचं होतं. शेडला कुलूप लागलं असतं आणि कुणी कुणाची पोरी उरलं नसतं.

"थांब, बघून सांगते," रेत्नानिंग म्हणाली आणि फोन हातात तसाच धरून शेडमध्ये गेली. मुफिदा मागोमाग आली.

फळीवर दोन मोटरी होत्या, जवळपास सारख्याच दिसणाऱ्या.

"आमचं भांडण मिटायचं राहिलं," मुफिदा म्हणाली. "ही साधी. शंभर पावलं जा म्हटलं की निघते. पण लाकडातली गाठ लागून चार पावलं हुकली तर तिलाही कळत नाही, आपल्यालाही नाही. पुढची सगळी नक्षी सरकते. ही दुसरी पावलागणिक मागं वळून बघते. हुकली की लगेच बोंब मारते."

"बाबांना कुठली हवी होती?"

"साधी. म्हणायचे, निमूट काम करणारी बरी. बोंब मारणारी घरात एक आहे, तेवढी पुरे." मुफिदा हसली. "म्हणजे मी."

निमूट कोण, ते रेत्नानिंगनं विचारलं नाही. तिनं दुसरी मोटर उचलली. वाचून वाटली होती त्यापेक्षा जड निघाली.

"हीच घेऊ," ती म्हणाली. "लांब बाजूला दोन लागतील, दोन्ही कडांना एकेक. एकच लावली तर पातं धरणारा वरचा पूल तिरका होऊन अडकेल."

मुफिदा बघतच राहिली. "ताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"हॅलो? ताई?" फोनमधून हारनोको विचारत होता.

"कुणी नाही," रेत्नानिंग म्हणाली. "तुमचं चाललेलं असायचं, मी दारातून ऐकायची. घरी जाऊन वाचायची. मला तुझा हेवा वाटायचा, मुफिदा. अजून वाटतो." तिनं मोटर छातीशी धरली. कुडत्याला तेल लागलं. "एवढंसं म्हणायचं होतं त्यांना, तेही कधी म्हटलं नाही. बाबा, मलाही घ्या ना तुमच्यात."