शेवग्याला बांधलेली तार

मित्रांनो, मी अर्थिंगची एक जुनी तार आहे. जस्त चढवलेली, साध्या लोखंडाची. मला राग आलेला आहे आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

चौऱ्याहत्तर साली सांगलीजवळच्या माधवनगरात धन्यकुमारांच्या घरी वीज आली. बिराप्पा वायरमनने परसात खड्डा खणून त्यात लोखंडी पत्रा उभा केला, मीठ-कोळसा भरला आणि माझं एक टोक त्या पत्र्याला घट्ट जोडलं. दुसरं टोक भिंतीतून आत, बटणांच्या फळीपर्यंत नेलं. "खड्ड्यात रोज तांब्याभर पानी घाला आनि हिला हलवू नका," एवढं सांगून तो गेला.

माझं काम सरळ होतं. इस्त्रीच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती मी जमिनीत न्यायची. मग फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा. एकदा उंदराने इस्त्रीची वायर कुरतडली, तेव्हा तसंच झालं. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. धन्यकुमारांनी वायरला चिकटपट्टी गुंडाळली, नवा फ्यूज घातला आणि विषय संपवला.

त्यांच्या आई पद्मावतीबाई रोज देवळात पूजेला जात. त्यांचं सोवळ्याचं लुगडं वेगळ्या तारेवर वाळायचं. त्या तारेला दुसऱ्या कोणी शिवायचं नाही आणि बाईसुद्धा लुगडं काठीनेच वर टाकत, काठीनेच काढत. ती तार गंजून तुटली आणि धन्यकुमारांची नजर माझ्यावर गेली.

"ही नुसतीच मातीत गाडलीया," ते म्हणाले. त्यांनी माझं टोक खड्ड्यातून उपसलं आणि शेवग्याला बांधलं. दुसरं टोक मात्र फळीवरच राहिलं. पुढे इस्त्रीच्या वायरवरची चिकटपट्टी सैल झाली. आता इस्त्रीतून सुटलेली वीज माझ्या अंगात यायची आणि तिला जायला वाटच नव्हती. मला राखण करायला आणलं होतं आणि या शहाण्यांनी माझाच सापळा केला.

परस झाडताना धन्यकुमारांच्या बायकोचा, शालनचा, हात मला लागला. ती झटकन मागे सरली.

"आत्याबाई, तार चावती," ती सासूला म्हणाली.

"आंघूळ न करता शिवली असशील. सोवळ्याची तार हाय ती."

शालनने त्यानंतर लक्ष ठेवलं. "आवं, तुमी इस्त्री लावली की चावती बगा," असं तिने नवऱ्यालाही सांगितलं.

"तार कुटं चावती व्हय?" ते हसले. त्यांच्या पायात रबरी चपला असत आणि हातात इस्त्रीची लाकडी मूठ. त्यांना काय कळणार?

त्या सकाळी वारा होता. लुगडं माझ्याभोवती गुंडाळलं गेलं आणि काठीने काही सुटेना. पद्मावतीबाई नुकत्याच न्हाऊन, ओलेत्याने, अनवाणी उभ्या होत्या. घरात त्यांच्याइतकं सोवळ्यात कोणीच नव्हतं. त्यांनी मला मुठीत धरलं. आत धन्यकुमार इस्त्री करत होते.

बाईंची मूठ सुटेना, तोंडातून शब्द फुटेना. मी त्यांना सोडू शकत नव्हते. शालनने ते पाहिलं. सासूला हात न लावता ती आत धावली आणि नवऱ्याला काही न सांगता तिने फळीवरचा मेन खटका पाडून घराची वीज तोडली.

बाई वाचल्या. पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं आता पुरती मिटत नाहीत. देवापुढे वाहायचे तांदूळ वाटेतच गळतात.

बिराप्पाने मला पुन्हा खड्ड्यात जोडलं. "तार वंगाळ निघाली," असं धन्यकुमार अजून सगळ्यांना सांगतात. ते ऐकून माझ्या अंगाची आग होते. शालनचं खरं होतं, हे मात्र त्या घरात आजवर कोणीही म्हटलेलं नाही.

मित्रांनो, मला मातीतून उपसू नका. आणि घरातलं कोणी म्हणालं की तार चावते, तर आधी खटका पाडा. तिने आंघोळ केली होती का, ते मागाहून विचारा.