पायावर भार

विनता मेश्रामचा धंदाच हाडं मोडण्याचा. जबलपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात देहदानातून आलेल्या हाडांचे बोटाएवढे तुकडे मशीनमध्ये ठेवायचे, वरून भार वाढवत न्यायचा आणि तुकडा कुठे हार मानतो ते पाहायचं. तुकडा सलाइनमध्ये ओला ठेवावा लागतो. वाळला की पापडासारखा मोडतो. ओला असला तर आधी जरा वाकतो, बारीक कुरकुरतो आणि मग जातो. ही कुरकुर विनताच्या कानात इतकी बसली होती की दारातली खुर्ची करकरली तरी तिचा जीव दडपायचा.

दोन महिन्यांपूर्वी तिची आई चंपाबाई जबलपूरच्याच रांझी भागातल्या घरी मोरीत घसरली आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी लगेच वॉकर धरून उभं करायला सांगितलं. विनताने मान डोलावली, आईला घरी आणलं आणि खाटेवर जे बसवलं ते बसवलंच. तेव्हापासून वॉकरवर टॉवेल वाळत होते.

कॉलेजात जायच्या आधी आईचं अंग पुसायचं, शौचाचं भांडं द्यायचं, दुपारी धावत घरी यायचं, परत जायचं. विनता पार पिळून निघाली होती. पण आईने जमिनीला पाय लावला की तिला तीच कुरकुर ऐकू यायची. जिवंत हाडावर भार पडला की ते भरून येतं, नाही पडला तर झिजत जातं, हे ती स्वतःच वर्गात शिकवायची. पण तिच्या हाताखालून जायची ती सगळी मेलेली हाडं. त्यांच्यावर भार टाकला की शेवट एकच, आणि घरी आल्यावर तिला तेवढंच आठवायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय?

शुक्रवारी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि सुस्कारा टाकला.

"मैडम, ठीक से जुड़ नहीं रही। वज़न ही नहीं पड़ा इस पर। अब भी खड़ा नहीं किया, तो फिर ये बिस्तर से नहीं उठेंगी। आप तो हड्डियों पर ही काम करती हैं ना?"

विनताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिने वॉकरवरचे टॉवेल काढले आणि तो खाटेपुढे ठेवला. "चल आई. उभी राह्य."

चंपाबाईंनी दोन्ही हातांनी वॉकर धरला, अर्ध्या उठल्या, वर विनताकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. दुसऱ्यांदाही तेच. विनताचा धीर सुटला.

"काहून बसते? दुखून राहिलं का?"

"नाही."

"मग? भेव वाटते का तुले?"

"मले कायचं भेव?" चंपाबाई म्हणाल्या. "मी उठाले गेली की तुह्यं तोंड असं होते, जसं आताच कोणी मेलं. पोरीले कायले छळू म्हटलं. म्हणून बसून राहिली इतके दिवस."

जिला जपता जपता विनता मोडून गेली होती, ती माऊली तिलाच जपत बसली होती, आणि दोघींच्या या मायेपायी हाड तेवढं उपाशी राहिलं होतं.

"इकडं पाहू नको आता. तिकडं तोंड कर," आईने हुकूम सोडला.

विनता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे वॉकरचे पाय फरशीवर घासले, खाट करकरली. तिने दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली, पण वळली नाही. बराच वेळ नुसता आईच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

"पाह्य आता."

चंपाबाई उभ्या होत्या. घामाघूम झाल्या होत्या, पाय थरथरत होता, पण टाच पूर्ण टेकलेली होती. त्यांनी रिकाम्या खाटेकडे मानेनेच खूण केली.

"बस तू. लय थकली गं माय तू."

विनता आईच्या जागेवर बसली आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडू लागली. चंपाबाई तिच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या.