भुंगा आणि मैना

वखारीत त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, आणि हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. करवतीचं पातं बोथट व्हायला लागलं की दुसऱ्या कुणाला कळायच्या आत यांना कळायचं. शेडच्या बाहेर चहाचा घोट घेता घेता ते आवाज द्यायचे, पातं बदला, रडायला लागलंय. उतरवून बघावं तर दात खरंच गेलेले. असा माणूस स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवणार नाही तर कुणावर ठेवणार?

वखार मुलाच्या हाती सोपवली तेव्हा त्यांनी करवतीपुढची जागा सोडली, पण एक काम सोडलं नाही. कापायला जाणारा प्रत्येक ओंडका आधी ते तपासायचे. जंगलातलं लाकूड बिचारं सरळ असतं. पण रस्त्याकडेची आणि अंगणातली झाडं म्हणजे डोक्याला ताप. लोक झाडाला काय वाट्टेल ते ठोकतात. खिळे, पाट्या, कपड्यांच्या दोरीचे हूक, सगळं. झाड त्यावर साल चढवून मोकळं होतं आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. बँडसॉचं पातं म्हणजे दातांचा एक लांबलचक पोलादी पट्टा. तो पूर्ण वेगात असताना लोखंडात घुसला की तुटून कुणीकडे उडेल याचा नेम नाही. कानसेनांच्या मेव्हण्याचा डोळा असाच गेला होता. आता त्या पात्यापुढे त्यांचा एकुलता एक मुलगा उभा असायचा. म्हणून ओंडका पास करायच्या कामाला ते कुणाला हात लावू देत नव्हते.

हे काम इतकी वर्षं भुंग्यावर चाललं. भुंगा म्हणजे जुना मेटल डिटेक्टर. दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, बॅटरीचं झाकण सुतळीने बांधलेलं, आणि आवाज एकच, जाडा. खिळा असो, तार असो, नाहीतर कुणाच्या खिशातला मोबाइल असो, हा आपला घूं करणार. ओल्या लाकडावर तर तो कारण नसताना घूं करत सुटायचा. एकदा त्याच्या शब्दाखातर चांगला सरळसोट ओंडका कुऱ्हाडीने फोडला, आणि आत निघालं काय? कप्पाळ. थोड्याच दिवसांत मुलगा नवा डिटेक्टर घेऊन आला.

नव्याचा थाटच वेगळा होता. वजनाला हलका, दांड्यावर छोटा पडदा, पडद्यावर आकडे. ओल्या लाकडाला फसायचं नाही आणि खोलवरचं पकडायचं. आवाजही एक नाही, अनेक. बारीक खिळा असला तर खाली घुर्र, आणि आतली वस्तू जसजशी मोठी, जाड, तसतसा आवाज वर वर चढणार. ओंडके ढकलणारा धिप्पाड गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, त्याने पहिल्याच दिवशी या डिटेक्टरचं नाव मैना ठेवलं.

कानसेनांनी आधी नाक मुरडलं. मुलगा म्हणाला, पडद्यावरचा आकडा बघत चला. ते म्हणाले, उन्हात आकडा दिसत नाही, चष्म्यावर भुसा बसतो, आणि देवाने दोन कान दिलेत ते काय शोभेला? पण थोडे दिवस वापरल्यावर त्यांचं मत बदललं. मैना खिळ्याला घुर्र करायची, ते पकडीने खिळा उपटायचे, विषय संपला. भुंग्यासारखी कटकट नाही. किती शांत आहे हो ही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. ते ऐकून सून एकदा हसली होती. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला नवं खेळणं आवडलं म्हणून हसली.

त्या दिवशी सकाळी एक दांडगा ओंडका उतरवला होता. कुठल्याशा बंगल्याच्या अंगणातलं झाड, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा घेर. शेडमध्ये मुलगा आणि पैलवान नवं पातं चढवून मोटर चालू करून बघत होते, दोघांच्या कानांवर आवाज अडवायची ती जाडी गबाळी. मागच्या आवारात कानसेन एकटेच. त्यांनी मैना सालीवरून सावकाश फिरवली. बुंध्याजवळ घुर्र झालं, एक खिळा निघाला. थोडं पुढे परत घुर्र, दुसरा निघाला. मग मधल्या भागावरून, पलीकडून, वरून, कुठेच काही नाही. त्यांनी मनाचं समाधान म्हणून मधला भाग पुन्हा एकदा घेतला. शांत. त्यांनी मैना बंद केली आणि शेडकडे बघून अंगठा वर केला. पैलवानाने ओंडका लोळवत ट्रॉलीवर चढवला.

पहिली फळी, सालीची, आरामात निघाली. मुलाने ट्रॉली मागे घेतली आणि दुसऱ्या कापासाठी ओंडका सरकवला. तेवढ्यात सून ऑफिसच्या खोलीतून बाहेर आली. वखारीचे हिशेब, फोन, गिऱ्हाईक, सगळं तीच बघायची. ती जवळ येऊन नेहमीसारखं सहज विचारती झाली.

"बाबा, मघाशी काय निघालं एवढं? मैना नुसती किंचाळत होती. मला फोनवर बोलता येईना."

"दोन खिळे निघाले," कानसेन म्हणाले.

"खिळ्यांना नाही हो ती किंचाळत. नंतर. मधल्या भागावर तुम्ही दोनदा फिरवलीत ना, तेव्हा."

कानसेन तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. मधल्या भागावर दोनदा फिरवली हे खरंच होतं. घरी कुकरची शिट्टी झाली की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, बसलात काय, गॅस बंद करा. नात त्यांच्याशी बोलायची तेव्हा त्यांना वाटायचं, आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. फोनची रिंग बदलून दे असं त्यांनीच मुलाला सांगितलं होतं. सगळं एका क्षणात ओळीने डोळ्यांपुढे आलं. मैना शांत नव्हतीच. ती ओरडत होती आणि हे शांतपणे अंगठा दाखवत होते.

ते धावले. कैक वर्षांत धावले नव्हते, पण धावले. मुलाला हाका मारल्या, पण पात्याच्या घरघरीत आणि कानावरच्या गबाळ्यात त्या कुठे पोचणार? मुलाची पाठ आवाराकडे होती. तो दोन्ही हातांनी ट्रॉली पुढे रेटत होता आणि पातं लाकडात शिरलेलं होतं. पैलवान पलीकडच्या बाजूला फळी धरायला उभा. त्याने कानसेनांना बघितलं आणि हसून हात हलवला. मेल्याला वाटलं, म्हातारा खुशीत आलाय.

शेडच्या खांबावर लाल बटण होतं. कानसेनांनी त्यावर अख्खा पंजा आपटला. मोटर बंद पडली, पण मोटर बंद म्हणजे पातं बंद नव्हे. ती दोन अवजड चाकं आपल्याच जोरावर फिरत राहतात, आणि पातंही. आवाज उतरल्याचं मुलाला जाणवलं, त्याने मान वळवली. कानसेनांनी दोन्ही हातांनी मागे, मागे अशी खूण केली. पोराने काय, का, काही विचारलं नाही. पाय रोवून ट्रॉली मागे ओढली. त्याच क्षणी ओंडक्यातून ठिणग्यांचा फवारा उडाला.

पातं तुटलं नाही. दातांचा एक घास गेला आणि ते थरथरत, कण्हत थांबलं. मुलगा खाली बसला. कानसेनांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

मग मुलाला राग आला. भीतीनंतर येतो तसा राग. त्याने कापात वाकून बघितलं. आत, हात घालावा एवढ्या खोल, जाड लोखंड चकाकत होतं, बहुतेक कुणीतरी कधीकाळी बांधलेल्या झोपाळ्याची कडी. त्याने मैनेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हणे एवढी पडद्याची, एवढी आकड्यांची, आणि हे दिसलं नाही हिला? उद्याच परत करतो. बाबा, तुम्ही आधीपासून सांगत होता, मीच ऐकलं नाही, आपला भुंगाच बरा. पैलवान तर भलताच भारावला होता. पातं लोखंडाला लागायच्या आधी यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं, म्हणाला, उगाच नाही कानसेन म्हणत. मुलगा उठला आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच बापाच्या पाया पडला.

सून शेडच्या दारात उभी होती. तिने कानसेनांकडे एकदा बघितलं आणि मग खालच्या भुशाकडे. ती बोलणार नाही हे त्यांना लख्ख कळलं. सासऱ्याची लाज ती राखणार होती.

खरं सांगायचं तर कानसेनांना ते सगळं गोड लागलं. का नाही लागणार? चूक मैनेची ठरली होती, मान त्यांना मिळाला होता आणि भुंगा परत येणार होता. भुंग्याचा जाडा आवाज त्यांना ऐकू यायचा. म्हणजे काम राहिलं, नाव राहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही. तोंड मिटून बसायचं, बस्स. दोघं परत कानांवर गबाळी चढवून हातोड्याने ठोकत पातं उतरवायला लागले तसे ते आवारात आले. भिंतीवरचा भुंगा त्यांनी काढला आणि ट्रॉलीवरच्या ओंडक्यापाशी नेला. फक्त एकदा खात्री करायची होती. कडी जिथे होती तिथे, न कापलेल्या बाजूने, त्यांनी तो सालीवर टेकवला.

भुंगा गप्प. त्यांनी बॅटरीचं झाकण दाबलं, स्वतःच्या किल्ल्यांवर धरून बघितला. घूं. पुन्हा ओंडक्यावर. गप्प. एवढं खोल त्याला पोचतच नव्हतं. मग त्यांनी मैना घेतली आणि तिथेच धरली. त्यांना काही ऐकू आलं नाही. पण सुनेने दारातून दोन्ही कानांवर हात घेतले, आणि आपण काय केलं हे लक्षात येताच झटकन खाली केले.

तेव्हा त्यांना हिशेब कळला. जो यांना ऐकू येत होता त्या भुंग्याला आतलं दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं त्या मैनेचं यांना ऐकू येत नव्हतं. आज गप्प बसलं तर पुढची कडी भुंगा पास करणार आणि पोरगा पात्यापुढे उभा राहणार. त्यांना मेव्हण्याचा चेहरा आठवला. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती, आणि ती गिळायला त्यांना चांगलाच वेळ लागला.

ते मुलापाशी गेले. त्याला गबाळी काढायला लावली.

"मैना वाजत होती," ते म्हणाले. "चांगली ओरडत होती. मला ऐकू आली नाही."

मुलाला आधी समजलंच नाही. आवाज कमी ठेवला होता का, असं त्याने विचारलं. कानसेनांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सुनेकडे बोट केलं. म्हणाले, हिला तिकडे खोलीत ऐकू गेली आणि माझ्या हातात असून मला नाही. वरचे आवाज गेले माझे. बटण दाबलं ते हिने सांगितलं म्हणून, कानाने ओळखून नाही. पैलवानाने हातातला पाना उगाच पुसायला घेतला.

"कधीपासून?" मुलाने विचारलं.

"जे ऐकूच येत नाही, ते कधीपासून येत नाही हे माणसाला कसं कळावं रे?"

मुलगा चिडेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघांच्याही मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली असावी, कारण दोघांनीही एकदम आवाराच्या टोकाकडे बघितलं. तिथे भिंतीला लागून ओंडक्यांची रास होती. मैना आल्यापासून कानसेनांनी पास केलेले ते ओंडके होते. दुपारी कापायला घ्यायचे होते.

सुनेने मैना उचलली. कानसेन तिच्यासोबत निघाले. दांडा कसा धरायचा, त्याच्या टोकाची तबकडी सालीपासून किती लांब ठेवायची, गाठीवर का थांबायचं, हे ते चालता चालता सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज हवा त्यापेक्षा मोठा होत होता. तिने पहिला ओंडका तपासला आणि ठीक आहे म्हणून मान हलवली. पैलवानाने तो लोळवून बाजूला केला. दुसराही बरा होता. कानसेनांना थोडं हायसं वाटलं. तिसऱ्यावर ती निम्म्यापर्यंत गेली आणि थांबली. पैलवानही जागच्या जागी थांबला. शेडच्या दारातून मुलगा दोन पावलं पुढे आला.

कानसेनांनी डोकं तबकडीच्या अगदी जवळ नेलं. लाकडाचा वास आला, बाकी काही नाही.

"वाजतीये?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"जोरात?"

तिने मैना बंद केली. मग म्हणाली, "खूप."