न विकण्याची किंमत

माझ्या बाबांना सगळं गाव मिचमिच म्हणतं. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली की भिंग काढलं तरी डोळा बारीकच राहतो, त्यावरून. दुकानाच्या परवान्यावर त्यांचं खरं नाव आहे, पण ते पोस्टमनलासुद्धा आठवत नाही. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी मी दुकानाची वेबसाइट काढली तेव्हा पत्ता घेतला तो मिचमिच डॉट कॉम. आज आमच्याकडच्या दहा घड्याळांतली सात पार्सलने येतात, ती या पत्त्यामुळे. तो गेला तर दुकान उरतं गल्लीपुरतं, आणि गल्लीत सगळे वेळ मोबाइलवर बघतात.

नेमकी त्याच पत्त्यावर चष्म्याच्या एका बड्या कंपनीची नजर गेली. मिचमिच नावाचे लहान मुलांचे चष्मे ते विकतात. त्यांचा ट्रेडमार्क आमच्या पत्त्यापेक्षा दोन वर्षांनी जुना, हे मला मान्य. पण बाबांचा डोळा त्याहून जुना, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी तक्रार ठोकली. अशा भांडणात कोर्ट नसतं, उलटतपासणी नसते. एक लवाद दोन्हीकडचे कागद वाचतो आणि पत्ता कोणाचा ते ठरवतो. उत्तर द्यायला आम्हाला वीस दिवस मिळाले.

माझी चुलतबहीण वकील आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तिने समजावलं की कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव तेच आहे, त्या नावावर आमचा काही हक्क नाही, आणि आम्ही ते वाईट हेतूने अडवून ठेवलंय. पहिली गोष्ट उघडच होती. दुसरीला उत्तर म्हणून दुकानाच्या पाटीचा जुना फोटो होता. मी तर मनातल्या मनात जिंकूनही मोकळी झाले होते. मग तिने तिसऱ्या मुद्द्याचा पुरावा माझ्यापुढे सरकवला.

तो बाबांचा मेल होता. दोन वर्षांपूर्वी कंपनीने विचारलं होतं, हे नाव विकणार का. मी तेव्हा मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, आणि बाबांनी एका बोटाने टाइप करून परस्पर उत्तर धाडलं होतं. वर नमस्कार, मध्ये एक आकडा, खाली आपला नम्र. त्या आकड्यात आमची अख्खी गल्ली घेऊन वर कंपनीचं ऑफिसही आलं असतं. त्यांच्या वकिलाने तो ठळक करून शेजारी लिहिलं होतं, नाव अडवून पैसे उकळण्याचा हा धंदा आहे.

माझं डोकंच फिरलं, पण कंपनीवर नाही, बाबांवर. हा आकडा कुठून आला ते मला पक्कं ठाऊक होतं. बाबा गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. जन्मात म्हटलेलं नाही. एखाद्या घड्याळाला हात लावायचा नसला, किंवा त्यात काही जीवच उरला नसला, की ते अवाच्या सवा भाव सांगतात. गिऱ्हाईक हसतं, घड्याळ खिशात टाकतं, निघून जातं. दोघांचीही अब्रू शाबूत. वर हा भाव ते रीतसर अंदाजाच्या पावतीवर लिहून देतात आणि कार्बनची प्रत पुस्तकात राहते. मी जुनी पुस्तकं खाली काढली. एका दुपारात असल्या त्रेचाळीस पावत्या सापडल्या.

बहीण खूश झाली, पण अर्धीच. "नुसत्या पावत्या पाठवल्या तर लवाद म्हणेल, हा माणूस पहिल्यापासूनच हावरट आहे. हा भाव म्हणजे नकार असतो, हे काकांनी स्वतः लिहून द्यायला हवं. आणि ज्याला असा भाव सांगितला, त्यातल्या एकाची तरी सही हवी."

बाबा ऐकायलाच तयार होईनात. मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोला धरला. ते आपले भिंग लावून खाली मान घालून बसले. तिसऱ्या दिवशी कारण बाहेर आलं. त्रेचाळिसातली एक पावती समोरच्या बेकरीवाल्याची होती.

घड्याळ त्याच्या बायकोचं. ती गेल्यावर महिन्याभरात तो ते घेऊन आला होता. आतलं सगळं गंजून एकजीव झालं होतं आणि ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्याच्या तोंडाकडे बघून बाबांना ते सांगवेना. त्यांनी भाव सांगितला. बाकीचे हसून गेले होते, हा हसला नाही. थोडं थांब, जमवतो, म्हणाला. अकरा वर्षं तो जमवतो आहे.

मी रोज त्याच्याकडून पाव आणते. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, पत्त्याचं काय व्हायचं ते होवो, पण त्याला हे सांगा. पत्ता जावा असं मला मुळीच वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण हे तरी कसं चालू द्यायचं?

बाबा उठले. मी मागोमाग गेले. बेकरीत दुपारचं कोणी नव्हतं, तो रिकामे ट्रे पुसत होता.

"तुझं ते घड्याळ चालणार नाही," बाबा म्हणाले. "तेव्हाही चालणार नव्हतं. मला नाही म्हणता येईना, म्हणून भाव सांगितला."

त्याने हातातला ट्रे दोन्ही बाजूंनी पुसला.

"पैसे जमले तरी?"

"जमले तरी नाही."

"आणि मला वाटायचं, मीच कमी पडतोय."

एवढं बोलून तो आत गेला. पुढचे दोन दिवस बेकरीचं शटर बंद होतं. बाबांनी जेवण टाकलं. मी बहिणीला सांगून टाकलं की आता त्याच्याकडे सहीसाठी जाण्याचं तोंड आम्हाला नाही, बाबांचंच निवेदन तेवढं पाठव.

कंपनीचं भांडण आणि आम्हाला हवी असलेली सही, दोन्ही एव्हाना गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः दुकानात आला. काउंटरवर एक कागद ठेवला आणि गेला. कागदावर दोन ओळी होत्या: या माणसाचा भाव म्हणजे नकार असतो. मला तो कळायला अकरा वर्षं लागली. खाली सही, तारीख आणि पिठाचा अंगठा.

लवादाने निर्णयात त्या दोन ओळी जशाच्या तशा दिल्या. वाईट हेतू दिसत नाही, पत्ता आहे त्यांच्याकडेच राहील. मी निर्णय मोठ्याने वाचला, मग बहिणीला फोनवर पुन्हा वाचून दाखवला, तिच्याकडे प्रत असताना.

आठवड्याभरात कंपनीचा मेल आला, या वेळी गोड भाषेत. आपणच योग्य किंमत सांगावी. मी उत्तर लिहायला बसणार तेवढ्यात बाबांनी मला बाजूला केलं आणि एका बोटाने टाइप केलं: नाही.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पण बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"ती पावत्यांची पुस्तकं दे," ते म्हणाले. "अजून कोण कोण थांबलंय, बघू दे."

मी पुस्तकं काढून दिली. त्यांनी पहिली पावती उघडली, त्यावरचा नंबर लावला आणि पलीकडून कोणी उचलायची वाट बघत उभे राहिले.